संगणकशास्त्र आणि उदार विद्येची परंपरा

ज्या विद्येला आज बाजारात सर्वांत मोठा भाव आहे, ती मिळवण्यासाठी एखाद्या तरुणाने, जिथे तत्त्वज्ञान, इतिहास, संगीत आणि प्राचीन भाषा यांचा अभ्यास तितक्याच निष्ठेने चालतो अशा एखाद्या लहानशा महाविद्यालयात प्रवेश घ्यावा की नाही, हा प्रश्न अमेरिकेत कित्येक वर्षे चर्चिला जात आहे. आणि पदवीच्या शिक्षणासाठी मुलामुलींना तिकडे धाडण्याची तजवीज करणाऱ्या मराठी कुटुंबांतही तो काळजीच्या स्वरात विचारला जातो. या काळजीच्या मुळाशी एक गृहीत आहे. संगणकशास्त्र ही यंत्रविद्या, तिचे स्थान अभियांत्रिकीच्या कर्मशाळेत, आणि साहित्य-तत्त्वज्ञानाशी तिची सोयरीक जुळवणे म्हणजे वेळेचा व पैशाचा अपव्यय, असे ते गृहीत होय. माझ्या मते ते चुकीचे आहे. या विद्येचे अंतरंग, तिचा इतिहास आणि तिच्या हाती आलेली सत्ता, या तिन्हींची साक्ष त्याच्या विरुद्ध जाते.

'लिबरल आर्ट्स कॉलेज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्था वयाने जुन्या आणि आकाराने लहान आहेत. विल्यम्सची स्थापना 1793 ची, ॲमहर्स्टची 1821 ची, स्वार्थमोरची 1864 ची. विद्यार्थी बहुधा दीड-दोन हजार; पदव्युत्तर विभाग जवळजवळ नाहीत; त्यामुळे प्राध्यापकाचे लक्ष पदवीच्या विद्यार्थ्यावरच केंद्रित होते, आणि संशोधनात साहाय्यक हवा असेल तर त्याच विद्यार्थ्याला हाताशी धरण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. चार वर्षांत साधारणतः 32 अभ्यासक्रम पुरे करावयाचे, त्यांपैकी दहा-बारा मुख्य विषयाचे, आणि उरलेल्यांत इतिहासापासून खगोलशास्त्रापर्यंत मनाला जिथे ओढ असेल तिथे संचार करावयाचा, अशी ही रचना आहे. संगणकशास्त्राचा विद्यार्थी या दहा-बारांत विविक्त गणित, विदासंरचना, अल्गोरिदम, संगणकाची अंतर्रचना, प्रोग्रामिंग भाषांची तत्त्वे, ऑपरेटिंग सिस्टिम आणि गणनक्षमतेचा सिद्धांत एवढे मुलूख पालथे घालतो.

आता अंतरंगाकडे पाहू. मध्ययुगीन युरोपात स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या म्हणून ज्या सात विद्या गणल्या जात, त्यांत व्याकरण, तर्क आणि अंकगणित ही तीन नावे आहेत. आणि संगणकशास्त्राचा पाया याच तिघींनी घातला आहे. जॉर्ज बूलने 1854 साली तर्काचे बीजगणित सिद्ध केले, ते आज प्रत्येक यंत्राच्या विद्युत्-मंडलांत नांदते आहे. नोम चोम्स्की यांनी 1956 साली मानवी भाषेचा विचार करताना व्याकरणांची जी उतरंड मांडली, तिचाच आधार प्रोग्राम वाचणाऱ्या कंपायलरला घ्यावा लागला. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधताना जी संकेतपद्धती योजली, तिचे प्रोग्रामिंग भाषांच्या आधुनिक वर्णनपद्धतीशी असलेले साम्य ओळखून, त्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे अशी सूचना 1967 साली पी. झेड. इंगरमन यांनी केली होती. तात्पर्य, व्याकरणाच्या वर्गातून उठून प्रोग्रामिंगच्या वर्गात जाणारा विद्यार्थी परमुलुखात पाऊल टाकीत नाही. एकाच घराण्याच्या दुसऱ्या दालनात तो जातो.

इतिहासाची साक्ष याहून स्पष्ट आहे. आयोवा राज्यातील ग्रिनेल कॉलेज हे मक्याच्या शेतांनी वेढलेले. तिथे ग्रँट गेल नावाचे भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. डिसेंबर 1947 मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि त्या शोधाच्या जनकांपैकी एक असलेल्या जॉन बार्डीन यांच्याशी असलेल्या ओळखीच्या बळावर गेल यांनी ती अपूर्व वस्तू आपल्या वर्गात आणवली. त्या वर्गात रॉबर्ट नॉइस बसले होते. पुढे एकात्मिक मंडलाच्या जनकांपैकी एक म्हणून आणि 1968 साली इंटेलच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ज्यांचे नाव झाले, ते हेच. ग्रेस हॉपर 1928 साली वासार कॉलेजातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या, तिथेच त्यांनी अध्यापन केले, आणि यंत्राला अंकांतच हुकूम द्यावे लागतात या तत्कालीन समजुतीला न जुमानता, व्यापारी हिशेबाचे प्रोग्राम इंग्रजी शब्दांत लिहिता आले पाहिजेत असा आग्रह त्यांनी धरला. त्या आग्रहातून कोबोल भाषेचा मार्ग मोकळा झाला. आणि कोबोल घडवणाऱ्या मंडळींत ज्या जीन सॅमेट होत्या, त्याही माउंट होल्योक या अशाच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी.

परंतु या परंपरेचा सर्वांत अर्थपूर्ण दाखला मला डार्टमथ कॉलेजातील वाटतो. बुडापेस्टमध्ये जन्मलेले, तरुणपणी आइनस्टाइनचे साहाय्यक राहिलेले, गणिताइतकेच तत्त्वज्ञानात रमणारे जॉन केमेनी आणि त्यांचे सहकारी थॉमस कर्ट्झ यांच्या ध्यानात आले, की आपल्या महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानाचे नाहीत, आणि तरीही पुढे राज्यकारभार, व्यापार आणि न्यायदान यांची सूत्रे त्यांच्याच हाती जाणार आहेत. संगणक म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याने संगणकाविषयी निर्णय करावेत, ही गोष्ट त्यांना धोक्याची वाटली. म्हणून त्यांनी सामान्य विद्यार्थ्याला चटकन अवगत होईल अशी बेसिक ही भाषा रचली. एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभारली. आणि 1 मे 1964 रोजी पहाटे चारच्या सुमारास ती प्रथम कार्यान्वित केली. ग्रंथालयातील पुस्तक जसे कोणत्याही विद्यार्थ्याला मुक्तपणे हाती घेता येते तसेच यंत्रही घेता आले पाहिजे, हे त्यांचे तत्त्व होते. त्या पहाटे संगणक तज्ज्ञांच्या बंद दालनातून बाहेर येऊन सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आला.

याच केमेनींच्या चरित्रात सत्तेच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. 28 मार्च 1979 रोजी थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा अध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचे प्रमुखपद केमेनींकडे आले. आयोगाच्या अहवालाने यंत्रातील दोषांची नोंद घेतली. पण अपघाताचे मूळ त्याला आढळले ते माणसांत. चालकांना मिळालेले अपुरे शिक्षण, नियंत्रणकक्षाची गोंधळात टाकणारी मांडणी, आणि देखरेख करणाऱ्या खात्याची व वीज कंपन्यांची बेसावध मनोवृत्ती यांवर त्याने बोट ठेवले. हे निदान करण्यास संस्थांचा स्वभाव, भाषेतील संदिग्धता आणि माणसाची चूक करण्याची रीत यांची जाण लागते. आज कर्ज कोणाला द्यावे, अर्ज कोणाचा फेटाळावा, रुग्णाला कोणता धोका संभवतो, हे ठरवण्यात अल्गोरिदमचा वाटा असतो. अशा काळात ही जाण नसलेला कुशल कारागीर समाजाला महागात पडेल.

विरुद्ध बाजूची कैफियतही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. या महाविद्यालयांतील संगणकशास्त्राचे विभाग लहान असतात; एखादा प्रगत विषय एखाद्या वर्षी शिकवलाच जात नाही; मोठ्या विद्यापीठातील प्रयोगशाळांचा विस्तार आणि नोकऱ्यांसाठी कंपन्यांची रीघ तिथे नसते; आणि आर्थिक साहाय्य न मिळाल्यास खर्च सामान्य कुटुंबाला पेलणारा नसतो. अमेरिकेत 1962 साली पर्ड्यू विद्यापीठाने या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हापासून खोलीची सरशी मोठ्या विद्यापीठांकडे राहिली आहे, हे नाकारता येत नाही. म्हणूनच 1986 साली नॉर्मन गिब्ज आणि ॲलन टकर यांच्या नावाने लहान महाविद्यालयांसाठी जो आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला, त्याने तत्त्वांवर भर देऊन मोजक्या विषयांत पाया पक्का करण्याचे धोरण स्वीकारले. हे धोरण शहाणपणाचे होते. भाषा आणि साधने दर दशकात बदलतात. गणितातील सिद्धता, रचनेतील विवेक आणि स्पष्ट लिहिण्याची सवय आयुष्यभर पुरते. हार्वे मड कॉलेजाने 2006 नंतर आपला प्रारंभिक अभ्यासक्रम बदलून, आधी प्रोग्रामिंग केलेल्यांचे आणि न केलेल्यांचे वर्ग वेगळे केले, पहिल्या पाठापासून प्रत्यक्ष जीवनातील प्रश्न हाताळले, आणि काही वर्षांतच या विषयाच्या विद्यार्थ्यांत मुलींचे प्रमाण सुमारे 10 टक्क्यांवरून 40 टक्क्यांच्या आसपास गेले. लहान संस्थेला आपली चूक लवकर दिसते आणि ती सुधारण्याचे धैर्यही लवकर होते, याचा हा पुरावा होय.

पेशाचा विचार करता, या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण सॉफ्टवेअर कंपन्यांत रुजू होतात, काही पीएच.डी.कडे वळतात, पण या शिक्षणाचा खरा लाभ दोन विद्यांच्या सीमेवरील कामांत प्रकटतो. भाषाविज्ञान आणि यंत्र यांची सांगड घालणारा संशोधक, जुनी दप्तरे आणि हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती सुलभपणे देणारा ग्रंथपाल, खासगीपणाच्या कायद्याचा मसुदा जाणतेपणाने तपासणारा वकील, आकडेवारीचा खोटेपणा उघड करणारा पत्रकार, रुग्णालयाच्या गरजा अभियंत्याला समजावून देणारा व्यवस्थापक, अशा कामांना दोन्ही बाजूंची भाषा येणारी माणसे लागतात. प्रोग्रामच्या साध्या ओळी आता यंत्रच लिहू लागले असताना, काय मागावे, का मागावे आणि मिळालेले उत्तर खरे की खोटे हे पारखण्याची बुद्धी अधिकच मोलाची ठरणार आहे.

आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय पदवीचा पुरस्कार केला आहे. परंतु दहावीच्या निकालानंतर मुलाच्या कपाळी विज्ञान, वाणिज्य किंवा कला असा शिक्का मारण्याची घराघरांतील सवय धोरणाच्या कागदाने जाणार नाही. ती पालकांनीच सोडली पाहिजे. ज्याला संगणकाची आवड आहे त्याला तर्कशास्त्र, इतिहास आणि आपली भाषा यांपासून दूर नेऊ नका. आणि ज्याला साहित्याची आवड आहे त्याला प्रोग्राम लिहिण्याची भीती घालू नका. महाविद्यालय निवडताना तिथे कोणती साधने शिकवतात एवढेच न विचारता, तिथला प्राध्यापक विद्यार्थ्याचा निबंध आणि त्याचा प्रोग्राम सारख्याच काटेकोरपणे वाचतो की नाही, हे अवश्य विचारा. उत्तर होकारार्थी आले, तर ते महाविद्यालय कितीही लहान असो, मुलाला तिथे निःशंकपणे पाठवा.