करपट चवीचा इशारा

विजेच्या सिगारेटला करपट चव येते, त्याचे कारण बहुधा साधे असते : कापसाची वात कोरडी पडते आणि तापलेली तार तिला जाळते. वात भिजू द्यावी, आच उतरवावी, नाही तर तारेचे वेटोळे बदलावे. चव पूर्ववत् होते. अशा अतितापातच फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये अधिक निर्माण होतात. म्हणून ती चव हा एक इशाराच होय. परंतु चव सुधारली म्हणून निकोटिन जात नाही. गोड वाफेवर मात्र जिभेचा पहारा राहत नाही. भारताने २०१९ साली कायद्याने या वस्तूचे उत्पादन व विक्री बंद केली. पण मोहाला आवरणे कायद्याच्या आवाक्यातले नव्हे. करपट ते थुंकून टाकण्यास विवेक लागत नाही. त्याची कसोटी गोडापाशीच लागते.