पाहणाऱ्याचे दायित्व

'सफारी' हा स्वाहिली भाषेतील शब्द होय. त्याचा अर्थ केवळ प्रवास. आपल्या 'सफर' शब्दाप्रमाणे त्याचेही मूळ अरबी आहे. एके काळी आफ्रिकेतील सफारी म्हणजे बंदूक घेऊन केलेली शिकार असे समजले जाई. केनिया देशाने १९७७ मध्ये शिकारीस बंदी केली आणि आता तेथील प्रवासी दुर्बीण व कॅमेरा घेऊन अरण्यात जातो. हातातील शस्त्र गेले म्हणजे दोषही गेला, असे मानण्याकडे आपला स्वाभाविक कल असतो. ही समजूत कितपत खरी आहे, याचा वाचकांनी थोडा विचार करावा.

केनियातील मसाई मारा अभयारण्यातील एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. पहाटेच्या थंडीत गाडी निघते. गवताळ माळावर झेब्रे, जिराफ, हत्ती दिसू लागतात. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास टांझानियातील सेरेंगेटीकडून वाइल्डबीस्टचे प्रचंड कळप येतात; ते मारा नदी ओलांडीत असता काहींना मगरी ओढून नेतात. ही हिंसा कशी पाहावी, असे एखादा कोमल मनाचा मनुष्य विचारील. परंतु मगरीस किंवा सिंहास दुसरा आहार नाही. आणि जेथे निवडच नाही तेथे पाप-पुण्याचा प्रश्न उद्भवत नाही. निवड आहे ती गाडीत बसलेल्या माणसाला.

चित्त्याचेच उदाहरण घेऊ. सिंह व तरस यांचा संचार मुख्यतः रात्री, म्हणून चित्ता बहुधा दिवसा शिकार करतो. त्याची भिस्त दबकत जवळ जाण्यावर आणि वेगावर. बलवान प्राणी आला तर मारलेले सावजही सोडून त्याला निघून जावे लागते. अशा प्राण्याभोवती भर दिवसा गाड्यांचा गराडा पडला तर काय होईल? मारा परिसरातील एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे प्रवाशांची गर्दी फार, तेथे चित्त्याची मादी एका वेतातील सरासरी ०.२ पिल्ले वाढवू शकते. जेथे गर्दी कमी, तेथे २.३, असे त्यात आढळले. यांपैकी कोणी पिल्लाला हात लावला नव्हता, की दगड मारला नव्हता. सर्वांनी केवळ पाहिले होते.

यावर प्रत्येक जण म्हणेल, 'माझ्या एका गाडीने असे काय बिघडते?' एकेकट्याच्या हिशेबाने ते खोटेही नाही. परंतु हेच वाक्य वीस गाड्यांतून उच्चारले जाते आणि वीस निर्दोष माणसे मिळून एक दोष घडवितात. एका ठिकाणी पाचांहून अधिक गाड्या जमू नयेत, असा तेथे नियम आहे. पण 'आणखी जवळ घ्या' असा आग्रह मागच्या आसनावरून होत असेल, तर बक्षिसीची आशा असलेल्या चालकाने नियम कसा पाळावा? यास्तव पहिले दायित्व आग्रह करणाऱ्याचे आहे.

मग तेथे जाऊच नये काय? तसेही म्हणता येत नाही. प्रवाशांच्या शुल्कावर अरण्याची राखण होते, आणि अभयारण्यालगतच्या मसाई लोकांना जमीन वन्यप्राण्यांसाठी मोकळी ठेवल्याबद्दल भाडे मिळते. तो ओघ आटला तर त्या भूमीवर कुंपणे पडतील. म्हणून प्रश्न जाण्या-न जाण्याचा नसून पाहण्यातील संयमाचा आहे.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचाही नाही. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये घोषित झाले. २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कूनोच्या अरण्यात सोडण्यात आले. ग्वाल्हेरच्या आपल्या बांधवांना ते अरण्य जवळचे.

आपण आलो नसतो तर या प्राण्याचा दिवस असाच गेला असता काय, एवढा एकच प्रश्न पाहणाऱ्याने स्वतःस विचारावा. उत्तर 'होय' असेल तोवर खुशाल पाहावे. ते 'नाही' होऊ लागताच चालकाला 'चला, पुढे जाऊ' असे सांगावे. मग छायाचित्र मिळालेले नसले तरी चालेल.