एकट्याचा डाव

बदाम सात घ्या, मेंढीकोट घ्या, झब्बू घ्या. पत्त्यांचे नियम आपण भांडता भांडता शिकतो. 'आमच्याकडे असंच चालतं' असं एकजण ठणकावतो आणि दुसरा त्याचं पान उचलून परत त्याच्या हातात देतो. पेशन्समध्ये हा दुसराच नसतो.

दिल्लीत करोल बागेत यूपीएससीच्या तयारीसाठी राहणाऱ्या भाच्याला मी हा डाव शिकवत होतो. तिथं आणि शेजारच्या जुन्या राजेंद्रनगरात अशी मराठी मुलं पुष्कळ. मोबाइल त्यानं स्वतःच कपाटात कोंडलेला, म्हणून अजमल खान रोडवरून पत्त्यांचा कॅट आणला. पलंगावर सात ढीग लावले: पहिल्यात एक पान, सातव्यात सात, एकूण 28. प्रत्येक ढिगाचं वरचं तेवढं उघडं. उरलेली 24 हातात, तीन-तीन करून उलटायची. काळ्या अठ्ठीवर लाल सत्ती, लाल सत्तीवर काळी छक्की. इस्पिक एक्का निघाला की तो वर, त्यावर इस्पिकचीच दुर्री, तिर्री. रिकाम्या जागेवर फक्त राजा बसतो. झाले नियम.

संगणकावर हे एवढंही शिकावं लागत नाही. चुकीच्या जागी ठेवलेलं पान आपसूक माघारी जातं. 1990 मध्ये विंडोज 3.0 बरोबर हा खेळ कचेऱ्या-कचेऱ्यांत शिरला, तेव्हापासून लबाडी करायची सोयच गेली. कागदी पानांत ती शाबूत आहे.

डाव अडला. भाच्याचं बोट सातव्या ढिगातल्या पालथ्या पानाखाली गेलं. "मामा, जिंकायला नाही हो. माझं चुकलं की डावच तसा होता, एवढंच बघतो."

खुल्या गटाला जिथं सहाच वेळा परीक्षेला बसता येतं, तिथं हा प्रश्न पत्त्यांपुरता राहत नाही. आणि तो रास्तही आहे. सगळी पानं आधीपासून ठाऊक असली तरी या खेळाचे शंभरातले साधारण 82 डावच सुटू शकतात, असा संगणकाचा हिशेब आहे. बाकीच्यांपुढं कुणाचीच मात्रा चालत नाही. फ्रीसेल या एकट्यानंच खेळायच्या दुसऱ्या खेळात सगळी पानं उघडी असतात. विंडोजमधल्या मूळ 32,000 डावांपैकी 11982 क्रमांकाचा एकच सुटत नाही. तिथं हरलात तर दोष बहुतेक तुमचाच. इथं तसं छातीठोक सांगता येत नाही.

एक पान बघून तर मुळीच नाही. त्यासाठी सगळी पानं उलटून पहिल्या चालीपर्यंत मागं जावं लागेल, आणि कुठलं पान कधी हलवलं हे आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं. हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं तरी पान उलटलंच. किलवर राणी. तिच्यानं काहीच सुटत नव्हतं.

"खालचं बघ," मी म्हणालो.