मागून घेतलेली प्रार्थना

दुसऱ्यासाठी देवाजवळ मागणे याला ख्रिस्ती परंपरेत मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. इतरांकडे आपल्यासाठी प्रार्थना मागणे आणि ती स्वीकारणे ही तिची दुसरी बाजू. प्रार्थना करणारा देणारा असतो. मागणाऱ्याला मात्र आपली उणीव आधी कबूल करावी लागते.

बायबलच्या जुन्या करारात लोक शमुवेलासारख्या संदेष्ट्याकडे प्रार्थनेची विनवणी करतात. मोठ्याने लहानांसाठी देवापुढे उभे राहायचे, असा तो क्रम. नव्या करारात तो उलटतो. ख्रिस्ती लोकांना धरून नेण्यासाठी दिमिष्काकडे निघालेला शौल वाटेत आंधळा होतो आणि त्यांच्यापैकीच एक असलेला हनन्या त्याच्यावर हात ठेवतो, तेव्हा त्याला दृष्टी येते. हाच पुढे पौल म्हणून मंडळ्या स्थापन करतो. थेस्सलनीकाच्या मंडळीला इ. स. ५०च्या सुमारास लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो या नवख्या विश्वासणाऱ्यांकडेच प्रार्थना मागतो. करिंथकरांना त्याने याचे कारणही दिले आहे: अनेकांनी प्रार्थना केली, तर मिळालेल्या कृपेबद्दल अनेकांकडून देवाची उपकारस्तुती होते. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने स्वतः मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे असे सांगितले आहे. पुढाकार आजाऱ्याचा आहे.

हा पुढाकार सोपा नव्हता. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने पश्चात्तापावर लिहिताना लाजेचा प्रश्न हाताळला. एक अवयव दुखत असताना सारे शरीर सुखात राहू शकत नाही. मग बंधूंपुढे लपवायचे कशाला, असा त्याचा युक्तिवाद होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमावलीने या मागणीला दिनक्रमात जागा दिली. आठवडाभर स्वयंपाकघरात सेवा करणारे, भोजनाच्या वेळी वाचन करणारे आणि प्रवासाला निघणारे मठवासी इतरांची प्रार्थना मागत. तिथे प्रार्थना मागायला संकट ओढवावे लागत नसे, रोजचे काम पुरेसे होते.

मध्ययुगात मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून मठांना जमिनी दान दिल्या जात आणि संतांच्या मध्यस्थीची भक्ती वाढली. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी संतांचा धावा नाकारला. जिवंत विश्वासणाऱ्यांची परस्पर प्रार्थना मात्र त्यांनी जपली. इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्लीने १७३८मध्ये आखलेल्या छोट्या गटांच्या नियमांत दर आठवड्याला भेटून दोष कबूल करणे आणि एकमेकांसाठी प्रार्थना करणे हा मुख्य हेतू होता. प्रार्थना स्वीकारायची, तर स्वतःविषयी खरे बोलणे इथे अटळ ठरले.

मिस्सा या कॅथलिक उपासनाविधीतही पापकबुलीच्या वेळी याजक आणि लोक परस्परांची प्रार्थना मागतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये श्रद्धावंतांची सामुदायिक प्रार्थना उपासनेत पुन्हा आणण्याचा निर्णय घेतला. १३ मार्च २०१३ रोजी निवड झाल्यावर पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पेत्राच्या चौकात जमलेल्या लोकांना आशीर्वाद देण्याआधी त्यांचीच प्रार्थना मागितली आणि मस्तक झुकवून ते स्तब्ध उभे राहिले.

या साऱ्या वाटचालीत दुसऱ्याची प्रार्थना अधिक प्रभावी असते असा दावा नाही. मंडळी हे ख्रिस्ताचे शरीर मानले, तर कोणताही अवयव केवळ देणारा राहू शकत नाही, एवढाच त्यामागचा विचार आहे.