कर्मफळ आणि पगारपत्रक

शनिवार-रविवारी रायगडमधल्या काशीदला पाय ठेवायला जागा नसते. सुरूच्या झाडांखाली मुंबई-पुण्याच्या गाड्या, वाळूवर घोडे आणि घोडागाड्या, टपऱ्यांवर शहाळी आणि भजी. पांढऱ्या वाळूची ही जवळजवळ तीन किलोमीटरची पट्टी जितकी देखणी, तितकाच तिच्यापुढचा समुद्र फसवा. ओहोटीची ओढ लागली की पोहता येणाराही आत खेचला जातो. कुणी गटांगळ्या खाल्ल्या आणि सुदैवाने बाहेर काढला गेला, तर पुढचा प्रश्न रस्त्याचा. मुरूडचे ग्रामीण रुग्णालय दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, अलिबागचे जिल्हा रुग्णालय उत्तरेला तिसेक किलोमीटरवर. जुलै 2021 मध्ये अतिवृष्टीत काशीदचा जुना पूलच कोसळला, एकाचा जीव गेला आणि हा सरळ रस्ताही तुटला.

अशा रुग्णाला टेबलावर घेताना डॉक्टरांइतकीच जवळ उभी असते ती सिस्टर. बुडालेल्या माणसाला आधी श्वास द्यायचा असतो. मग छातीवर दाब, मिनिटाला 100 ते 120, प्रत्येक वेळी निदान पाच सेंटिमीटर खोल. हात भरून येतात, हिशेब चुकवून चालत नाही. कधी नाडी लागते, कधी लागत नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी समुद्राने कुणाच्याही कौशल्याला फारशी संधी ठेवली नव्हती.

जो वाचला त्याच्या छातीवर आणि जो गेला त्याच्याही छातीवर दाब सारखेच दिलेले असतात. त्यानंतर हात धुऊन पुढच्या खाटेकडे जावे लागते, कारण तिथे सलाईन संपत आलेले असते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 47 व्या श्लोकाचा यापेक्षा उघड अर्थ कुठे सापडेल? अधिकार कर्मावर, फळावर नाही. परिचारिकेला हे कुणी प्रवचनात सांगावे लागत नाही. पण हाच श्लोक दर 12 मेला, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, शाल-श्रीफळाबरोबर तिच्या हाती दिला जातो तेव्हा त्याचा अर्थ हळूच सरकतो. ‘सेवा हाच धर्म’ म्हणता म्हणता फळाच्या जागी पगार येऊन बसतो. जी निष्काम सेवा करते तिने रजा, भत्ता, नेमणूक, बढती यांची भाषा कशी करावी, असा सूर लागतो. प्रश्न धर्माचा आहे, म्हणून तो धर्मग्रंथांच्याच आधाराने तपासून पाहायला हवा.

सेवाधर्म योग्यांनाही जमणार नाही इतका अवघड आहे, हे भर्तृहरीचे वचन अशा समारंभांत हटकून येते. नीतिशतकातला तो श्लोक पुरा वाचला तर वेगळेच दिसते. तिथे रुग्ण नाही, देव नाही. आहे तो मालकाच्या पदरी राहिलेला नोकर. गप्प राहिला तर त्याला मुका म्हणतात, बोलला तर वाचाळ. जवळ उभा राहिला तर आगाऊ, लांब राहिला तर बुजरा. सोसले तर भित्रा, न सोसले तर हलक्या कुळातला. वॉर्डात एकीकडे नातेवाईक आणि दुसरीकडे वरिष्ठ यांच्या मधे उभ्या असलेल्या कुठल्याही सिस्टरला हा श्लोक आपल्यावरच लिहिला असे वाटेल. भर्तृहरी सेवेची आरती करत नव्हता, तो नोकरीतली कुचंबणा मांडत होता.

आणि गीता? 47 व्या श्लोकाचा शेवटचा चरण सहसा कुणी सांगत नाही. त्यात काहीच न करण्याचाही मोह धरू नकोस, असे बजावले आहे. त्यानंतर तीनच श्लोकांनी, 50 व्या श्लोकात, योगाची सांगड थेट कर्मातल्या कौशल्याशी घातली जाते. टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चा सारा भर कर्म सोडण्यावर नाही, ते करण्यावर आहे. फळ म्हणजे कर्माचा परिणाम, जो कर्त्याच्या हातात पुरता नसतो. रुग्ण जगेल की नाही, हे फळ. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होईल की नाही, हे मात्र वित्त विभागाच्या हातात पुरते असते. निष्कामता हा कर्त्याने स्वतःच्या मनाला लावायचा नियम आहे. मालकाने तो नोकराला लावला की ती निव्वळ बचत होते.

चरकसंहितेने हा घोळ होऊच दिला नव्हता. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारक इथे वैद्याच्या सावलीत नाही, तो स्वतंत्र पाय आहे. त्याचे गुणही चार. पहिला उपचाराचे ज्ञान, दुसरा दक्षता, तिसरा रुग्णाविषयी जिव्हाळा आणि चौथा शुचिता. आपण परिचारिकेचे कौतुक करताना तिसऱ्यापासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो.

पहिल्या गुणाची किंमत रायगडला चांगली माहीत आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातले त्या दंशाचे मृत्यू झपाट्याने खाली आले. पण औषध वेळेवर पोटात जाण्यासाठी घाम, गार पडलेले हातपाय, बदललेली नाडी यांचा अर्थ खाटेजवळच्या व्यक्तीला कळावा लागतो. रात्री दोन वाजता जिव्हाळा हे सांगत नाही, प्रशिक्षण सांगते.

चौथ्या गुणावरून, शुचितेवरून, महाराष्ट्रात फार मोठा झगडा झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. 10 मार्चला त्या गेल्या. पुढे 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने तिथल्या मुली, विधवा ससून रुग्णालयात शुश्रूषा शिकू लागल्या. परक्याचे मलमूत्र, परक्या पुरुषाचा स्पर्श, रात्रीची ड्युटी: सोवळ्याच्या तिन्ही भिंती एकदम पडत होत्या. त्या मुलींना पुण्याईपेक्षा वेगळे काही हवे होते, आणि ते मिळालेही. शिक्षण, प्रमाणपत्र आणि स्वतःची मिळकत. सेवा आणि चरितार्थ यांत विरोध आहे असे सेवासदनाने मानले नाही.

त्या विरोधाला सर्वांत कठोर उत्तर मात्र परळच्या केईएम रुग्णालयाने दिले. 27 नोव्हेंबर 1973 च्या रात्री तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच अत्याचार झाला आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. त्यांना अरुणासाठी न्याय हवा होता आणि स्वतःसाठी सुरक्षितता. त्याच केईएमच्या परिचारिकांनी पुढे 42 वर्षे, पिढ्या बदलल्या तरी, त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. 1980 च्या दशकात महापालिका त्यांना हलवू पाहत होती, तेव्हाही परिचारिका आडव्या आल्या. 2009 मध्ये अरुणाचे अन्न थांबवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने दयामरणाचा एक मर्यादित दरवाजा देशासाठी उघडला, पण अरुणाच्या बाबतीत बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. 18 मे 2015 ला अरुणा गेल्या. संप आणि 42 वर्षांची शुश्रूषा एकाच रुग्णालयातल्या, एकाच पेशातल्या बायकांनी केली. यातले निष्काम कोणते आणि सकाम कोणते, हे वेगळे काढून दाखवणे अवघड आहे.

काशीदच्या पट्ट्यातली आरोग्यसेविका इतकी नाट्यमय नाही. सपाट भागात 5000 आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष. फणसाडच्या जंगलालगतच्या वाड्या-वस्त्या, कोळीवाडे, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायकांच्या नोंदी, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी, आणि हेच सारे संध्याकाळी पुन्हा मोबाइलवर भरणे. नेटवर्क आले तर. तिला पुढे जायचे तर वाट आहे: एएनएमनंतर जीएनएम, मग पोस्ट बेसिक बीएस्सी, 2018 नंतर आलेले समुदाय आरोग्य अधिकारी हे पद. 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदाही आला. वाट चालायला अभ्यासाची रजा लागते, रजेला बदली माणूस लागतो, आणि घोडे तिथेच अडते. मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, त्याचे एक मुख्य कारण कायम पदांऐवजी होणारी कंत्राटी भरती हे होते.

पुढच्या 12 मेला मुरूड तालुक्यातही कुठेतरी सत्कार होईल. आयोजकांनी गीतेचा 47 वा श्लोक जरूर म्हणावा. मात्र शाल पांघरल्यावर, हार घालण्याआधी, तालुक्यातल्या परिचारिकांच्या रिक्त पदांचा आकडा आणि ती कधी भरणार ती तारीख त्याच व्यासपीठावरून वाचून दाखवावी.