हँडब्रेक आणि धोंडा

राजूर घाटाच्या चढावर जुनी ॲम्बॅसेडर उभी करायची, तर मालक आधी हँडब्रेक ओढतो आणि मग उतरून धोंडा शोधतो. २०१४ साली बंद पडलेली ही गाडी. तिची तार सैल होणारच. ही तार मागच्या चाकांतले लायनर ड्रमवर दाबून धरते. मेकॅनिक ती आवळतो, फार तर बदलतो. पण धोंडा फुकट! बँकेच्या भाषेत बिनपगारी जामीनदार. गाडी निघून जाते, जामीनदार रस्त्यातच राहतो, आणि रात्री वसुली होते ती मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याकडून. मग तारेचा खर्च कुठल्या खात्यात लिहावा? लोक ‘दुरुस्ती’ लिहितात. मी म्हणतो, ‘देणे’ लिहा. धनको अनोळखी असला म्हणून काय झालं?