अमावास्या, पौर्णिमा आणि शेअरबाजार

मनुष्य जें जें बोलतो तें अक्षरशः खरें असूनही त्याची साक्ष खोटी ठरूं शकते काय? हा प्रश्न आम्हांस एका चमत्कारिक विषयावरून सुचला, तो वाचकांपुढें मांडितों.

आपल्या खेड्यांत पुष्कळ लोक अमावास्येस नवें काम आरंभीत नाहींत. मुंबईच्या शेअरबाजारांत मात्र १९५७ सालापासून दिवाळींतील लक्ष्मीपूजनास, म्हणजे अमावास्येसच, सुमारें तासभर मुहूर्ताचा व्यवहार होतो. ही रूढीची गोष्ट झाली. परंतु शास्त्रीय पद्धतीनेंहि चंद्राचा विचार झालेला आहे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत तीन अभ्यासकांनीं ४८ देशांचे बाजार तपासले. पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांपेक्षां अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत नफा अधिक, आणि तो फरक वर्षास ३ ते ५ टक्के, असें त्यांस आढळलें. चंद्र पैसे वाढवितो असें त्यांचें म्हणणें नव्हे. माणसांच्या चित्तवृत्तीवर त्याचा परिणाम होत असावा, अशी त्यांची कल्पना.

न्यूयॉर्कच्या बाजारांत जानेवारी महिना इतर महिन्यांहून फार लाभाचा गेला, असें १९७६ सालीं दोघां विद्वानांनीं दाखविलें होतें. त्यास निदान समजण्याजोगें कारण सांगतात: कर वांचविण्याकरितां लोक डिसेंबरांत पडलेले शेअर विकून टाकतात, आणि नवें वर्ष लागतांच भाव सांवरतात. सोमवार-शुक्रवारांचेहि असेच हिशेब झाले आहेत.

आतां समजा, १,०२४ माणसांनीं प्रत्येकीं दहा वेळां नाणें उडविलें. सरासरीनें त्यांतील एकाचें नाणें दहाहि वेळां छापच दाखवील. त्याच्या बोटांत कांहीं विद्या नाहीं. पण उरलेल्या १,०२३ जणांस दाराबाहेर ठेवून त्या एकासच आपणांपुढें उभें केलें, तर आपण थक्क होऊं. वार, तिथि, महिने व सण यांचे नियम तर हजारों बनवितां येतात. २००१ सालीं तीन संशोधकांनीं अमेरिकेच्या बाजाराचे शंभर वर्षांचे आंकडे घेऊन असे सर्व नियम एकत्र तोलले, तेव्हां त्यांतील उत्तम नियमाचेंहि महत्त्व उरलें नाहीं.

अभ्यासक आपली रीत छापतो आणि दुसऱ्यानें ती तपासावी म्हणून पुढें ठेवितो. त्याची चूक झाली तरी तो प्रामाणिक आहे. परंतु जो पैसे घेऊन सल्ला देतो, आणि फळलेल्या तिथी तेवढ्या सांगून चुकलेल्या पोटांत ठेवितो, त्याचा एकहि आंकडा खोटा नसेल, तरी ती खोटी साक्षच होय असें आमचें मत आहे. त्याचा स्वतःचा विश्वास असेलहि. पण चुका मोजावयाचें टाळून टिकविलेल्या विश्वासाचा दोष त्याच्याच माथीं राहतो.

ही गोष्ट शहरापुरती नाहीं. हातांतील फोनवरून खेड्यांतहि आतां शेअर घेतां येतात. सेबीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, मागील तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या शंभर व्यक्तींपैकीं ९३ जणांस तोटा झाला. त्यांत कोणी बियाण्याचा पैसा घातला असेल, कोणी मुलीच्या शिक्षणाचा.

आणि चंद्राचा तो फरक खराच धरला, तरी त्याच्या मागें जाणाऱ्यानें दर चांद्रमासास एकदां घ्यावें व एकदां विकावें, म्हणजे वर्षांत सुमारें पंचवीस व्यवहार करावे. प्रत्येकावर दलाली आहे, कर आहे. ३ ते ५ टक्क्यांतून प्रथम तीं वजा होतात.